माझ्यातला मधला गोल

मी एक जुना आराखडा आहे, मित्रांनो. घराचा नाही की पुलाचा नाही. दुकानांत आणि गोदामांत संगणकावर जे सॉफ्टवेअर चालतं, ते कसं बांधावं हे दाखवणारा मी नमुना. शिंपी एकाच कागदी नमुन्यावरून कितीतरी सदरे बेततो ना, तसं माझ्यावरून अनेकांनी आपापलं सॉफ्टवेअर बेतलं. म्हणून माझी एक रेघ चुकली, की ती सगळीकडे चुकते. हे मला तेव्हा कळत नव्हतं. आज कळतं, आणि मान वर करवत नाही.

मला ताईने काढलं. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. मोठ्या टेबलावर मला पसरून ती चौकोन काढी, खोडी, पुन्हा काढी. चहाचा कप ठेवायला जागा उरत नसे, मग तो माझ्याच डोक्यावर येई. बिलांचा चौकोन, मालाचा चौकोन, गिऱ्हाइकांचा चौकोन, आणि सगळ्यांच्या मधोमध एक गोल. कुठल्याही दुकानातलं बिल आधी या गोलाला विचारणार, आणि गोल हो म्हणाला तरच पुढे सरकणार. तोवर पडद्यावर दिसणार, 'परवानगीची वाट पाहा'. हे शब्दही ताईनेच गोलाशेजारी लिहिले होते. त्या गोलाचा मला भारी तोरा होता.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. आराखडा वापरायला देण्याआधी त्याला अडचणीचे प्रश्न विचारायचे. असं झालं तर काय करशील? तसं झालं तर? त्यासाठी दुकानांत काम करणारी माणसं बोलवायची असतात. पण साहेब म्हणाले, "बाहेरचे नकोत गं. नसते फाटे फोडत बसतील. प्रश्न तूच काढ."

आईनेच पोराची प्रश्नपत्रिका काढावी, तसा प्रकार झाला. मला काय येतं ते ताईला पाठ होतं, आणि तिने तेवढंच विचारलं. एकदम हजार बिलं आली तर? नवं दुकान जोडायचं झालं तर? मी धडाधड पास होत गेलो. 'मधला गोलच बंद पडला तर' हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण साहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि तिने ते गिळलं. मीही मनात म्हटलं, सुटलो बुवा.

मग माझं कौतुक काही विचारू नका. मला दाराजवळ टांगलं. पाहुणे आले की साहेब माझ्यासमोर उभे राहून बोलत सुटायचे. दुसऱ्या कंपन्यांची माणसं माझ्या नकला नेत. पुढे पुढे माझ्याकडे नीट बघायचीही कुणी तसदी घेईना. नक्कल करायची आणि मोकळं व्हायचं. माझ्यावरून कुठे काय उभं राहिलं, याचा पत्ता ताईलाही उरला नाही. माझा कागद पिवळा पडला, कडा फाटल्या. शेवटी चिकटपट्टी लावायला ताईने मला खाली उतरवलं आणि गुंडाळून घरी नेलं.

त्या संध्याकाळी तिची धाकटी बहीण कामावरून आली ती पर्स फेकूनच. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती.

"मला उद्यापासून येऊ नका म्हणाले," ती म्हणाली.

"अगं, पण झालं काय?" आईने विचारलं.

"एक आजोबा नातीला घेऊन आले होते. पोरीला श्वास घेता येईना. दम्याचा पंप समोर कपाटात, आणि मेलं मशीन बिलच करेना! किती वेळ थांबू? दिला मी बिलाशिवाय. बिलाशिवाय औषध दिलं म्हणून मालकांनी काढलं."

"पोरगी?"

"बरी आहे. हसत गेली."

"मग चांगलं केलंस म्हणून घरी बसवलं का त्यांनी?" आई चिडली.

ताईने हळूच विचारलं, "मशीनवर काय येत होतं?"

"परवानगीची वाट पाहा. सारखं तेच."

मी जेवणाच्या टेबलाच्या कडेला पडलो होतो. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "नेटवर्क गेलं असेल," ती पुटपुटली. तिने ताट बाजूला सारलं. धाकटीनेच तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू कशाला तोंड पाडून बसलीस, ताई? तुझा काय दोष?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी ओरडलो असतो.

सकाळी ताईने मला साहेबांच्या टेबलावर उलगडलं आणि मधल्या गोलावर बोट ठेवून औषधांच्या दुकानातली गोष्ट सांगितली.

"लोकांची चूक आपल्या अंगावर का घेतेस?" साहेब म्हणाले. "आराखडा पास झालाय."

"प्रश्न मी काढले म्हणून पास झालाय," ताई म्हणाली. "हा कुणालाही देऊ नका. ज्यांना दिला, त्यांनाही कळवा."

मग ती मला काखेत मारून थेट औषधांच्या दुकानात गेली. मालकांसमोर तिने कबूल केलं, की चूक मुलीची नाही, आराखड्याची आहे आणि तो आराखडा तिनेच काढलेला आहे. मालक बराच वेळ कुरकुरले, पण धाकटीला परत बोलवायला तयार झाले.

ताई ही बातमी घेऊन लगबगीने घरी आली. धाकटीने सगळं ऐकून घेतलं. तिला आनंद झाला नसेल असं नाही. पण तिने एवढंच विचारलं, "म्हणजे काल जेवताना तुला माहीत होतं?"

ताई म्हणाली, "हो."

आता माझ्या जागी नवा आराखडा आहे. त्यात मधला गोल झोपला, तरी दुकान आपलं आपण बिल करतं. मी माळ्यावर आहे, आणि तेच बरं. मला जपा, माझी धूळ झटका, असं काही मी मागणार नाही. एकच मागतो. तुमच्या हातून माझ्यासारखी चूक झाली आणि तिचा दोष दुसऱ्याच्या माथी आला, तर तिथल्या तिथे सांगून टाका. दुसऱ्या दिवशी सांगितलेलं खोटं नसतं, मित्रांनो. पण मधली रात्र धाकटीने उशीत तोंड खुपसून काढली होती, आणि ताई शेजारच्याच पलंगावर जागी होती.