अमृत देवकरची कमर

“सदरा काढा, शेठ. आन् कमरंचं बी काढून ठिवा,” भागवत न्हावी वस्तऱ्यात नवं पातं बसवत म्हणाला.

“कमरेचं कसलं?” अमृत म्हणाला.

भागवतने वर पाहिलं नाही. आपल्या कमरेला काय आहे हे कुणाला ठाऊक नाही, असं सगळ्या कोल्हारात एकट्या अमृतलाच वाटत असे. बाकी गावाला ते रिव्हॉल्व्हर कानपूरचं आहे, त्याचा परवाना कधी संपतो आणि पट्टा कोणत्या भोकात अडकवला जातो, इथपर्यंत माहिती होती.

प्रवरेच्या घाटावर भाऊकी जमली होती. अमृतच्या वडिलांचा, बन्सीदादांचा, आज दहावा. वरच्या बाजूला मांडव घातला होता आणि त्यात माईकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. प्रवचन व्हायचं होतं, आणि प्रवचनाआधी श्रद्धांजलीची भाषणं. दादांना जन्मात न भेटलेले चार पुढारी त्यांच्या आठवणी सांगायला येऊन बसले होते. खाली पायऱ्यांवर देवकरांचे पुरुष ओळीने उघडे बसून डोकी करून घेत होते.

ओळीत तिसरा कल्याण होता. अमृतचा सख्खा चुलतभाऊ. त्याचं डोकं करून झालं होतं आणि ते त्याला शोभत नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून कल्याणने अमृतच्या डोक्यात फावडं घातलं होतं. पोलीस आले, पंच बसले, प्रकरण समजुतीने मिटलं. समजुतीने मिटलं म्हणजे त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. नंतर अमृतने शस्त्राच्या परवान्यासाठी अर्ज केला. अर्जात लिहिलं होतं, की पशुखाद्याच्या व्यापारानिमित्त अपरात्री मनमाड रस्त्याने प्रवास करावा लागतो, सबब जिवास धोका आहे. अमृत दिवेलागणीनंतर घराच्या बाहेर पडत नसे. पण जिवास धोका हे खरं होतं, आणि तो धोका चार घरं सोडून राहत होता.

तेव्हापासून अमृतची राहणी बदलली. सदरा पॅन्टच्या बाहेर आला तो कायमचा. पंगतीत मांडी घातली की रिव्हॉल्व्हरची मूठ बरगडीत शिरायची, म्हणून तो लग्नाला गेला तरी खुर्ची शोधायचा. आरतीला मागे उभा राहायचा. कुणी गळाभेटीला पुढे आलं की दुरूनच हात जोडायचा. लोक म्हणत, अमृतशेठ फार नम्र झाले. लेक माहेरी आली की नातवाला डाव्याच मांडीवर घ्यायचा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. तेवढे दिवस तो पट्ट्यात टीव्हीचा रिमोट घालून हिंडे, कारण सदऱ्याखाली फुगवटा दिसला पाहिजे. अशाने घरात कुठल्याच निवडणुकीचा निकाल टीव्हीवर कुणी पाहिला नव्हता.

आता मात्र प्रश्न होता. धोतर, उघडं अंग, डोक्यावर वस्तरा आणि नंतर नदीत बुडी. यातल्या कशाशीच रिव्हॉल्व्हर जुळत नव्हतं. घरी ठेवून यायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आठ वर्षांत कल्याणच्या इतक्या जवळ तो आजच बसणार होता. बायकोजवळ, रुपालीजवळ द्यावं, तर मागे एकदा पाहुणे आले म्हणून तिने ते पिठाच्या डब्यात लपवलं होतं आणि अमृतला ते आठवडाभर टोकरून साफ करावं लागलं होतं.

त्याने ते पॅन्टमध्ये गुंडाळलं, वर सदरा घातला आणि पिशवीत ठेवून पिशवी डोळ्यांसमोरच्या पायरीवर ठेवली. पिवळी कापडी पिशवी, वर हसणारी गाय आणि खाली ‘देवकर पशुखाद्य’. गेल्या दिवाळीला त्याने गावभर वाटलेल्या पिशव्या. चांगल्या टिकल्या होत्या.

“मान खाली, शेठ.”

अमृतने मान खाली घातली. पिशवी दिसेनाशी झाली. मानेवर थंड पाणी पडलं आणि पातं सरकायला लागलं. डाव्या बाजूला कल्याण होता. वाकलेली मान, हातात काही नाही, आणि कल्याण. आठ वर्षं ज्या प्रसंगाची तयारी केली, तो प्रसंग आला तेव्हा कमर रिकामी होती.

पातं टाळूवर आलं आणि भागवतचा हात थांबला.

“काय झालं?”

“न्हाई... हितं जरा वण हाय. जपून घ्यावं लागंल.”

शेजारच्यांनी माना वळवल्या. टाळूपासून कानापर्यंत गेलेली ती पांढरी खूण आजवर कुणी पाहिली नव्हती. केसांनी ती इमानाने झाकली होती. अमृतने डोळे वर केले. कल्याण बघत होता. त्याचं तोंड किंचित उघडं होतं, आपल्याच हातचं काम पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाचं असतं तसं.

मग बुडी झाली, पिंड मांडले गेले. पिंडाजवळ दादांना आवडायच्या वस्तू ठेवायची रीत. कुणी जिलबी ठेवली, कुणी तंबाखू. कल्याण दोन पावलं पुढे आला, अमृतकडे पाहून थबकला आणि मागे गेला. कावळ्याने काही कटकट केली नाही. गुरुजी बाजूला झाले तोच खाली उतरला आणि शिवून गेला. दादांची काही इच्छा मागं राहिली नाही, समाधानानं गेले, असं सगळ्यांनी मान्य केलं. अमृतलाही बरं वाटलं. मुलाने सगळं केलं, याचा कावळ्यापेक्षा मोठा दाखला कोण देणार?

लोक मांडवाकडे निघाले. अमृत ओल्या धोतराने पायरीवर आला, पिशवी उचलली, आणि ती हलकी लागली.

आत पॅन्ट होती, पण त्याची नव्हती. एक सदरा, कॉलर विटलेली, सकाळी कल्याणच्या अंगावर पाहिलेला. एक चुन्याची डबी. दोन केळी. अमृतने पिशवी पायरीवर पालथी केली. खरं सांगायचं तर त्यात एखादा सुरा निघावा अशी त्याला फार आशा होती. निघाली ती तेलाची बाटली. पांढऱ्या झाकणाची, अर्धी संपलेली. दुकान बंद करून घरी आलं की दादांच्या खोलीत ज्या तेलाचा वास यायचा, तेच.

“कल्याण कुठंय?” त्याने विचारलं.

“कवाच गेला. प्रवचनाला बी थांबला न्हाई,” भागवत हत्यारं गुंडाळत म्हणाला. “वल्ल्या धोतरावरच. पिशवी उचलली आन् निघाला तरातरा.”

माईकवर पहिले पुढारी दादांच्या निर्मळ स्वभावावर बोलायला लागले होते. अमृत हिशोब लावत होता. आत भरलेलं रिव्हॉल्व्हर आहे. ते कल्याणकडे आहे. परवाना रद्द होईल, म्हणून ठाण्यात जाता येत नाही. कुणाला सोबत न्यावं, तर काय सांगून? आणि ज्याच्यापासून वाचायला हत्यार घेतलं, त्याला ते आपणच पिशवीत घालून, वर आपलं नाव छापून दिलं होतं.

तो पिशवी घेऊन अनवाणी निघाला. उघडा, चकोट केलेला, धोतराचा ओला सोगा पायात अडखळत. मनमाड रस्ता ओलांडताना एका ट्रकवाल्याने त्याला ‘बाबा’ म्हणून वाट दिली.

कल्याणच्या अंगणात तो आठ वर्षांत पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. कुत्रं नवीन होतं. ओट्यावर चुलती, केशरबाई, पाय लांब करून बसली होती. गुडघे गेल्यापासून तिला घाटाच्या पायऱ्या उतरवत नसत. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून कल्याण उभा होता. दोघांच्या मधोमध एक घमेलं पालथं घातलेलं होतं आणि घमेल्यावर जात्याची तळी ठेवली होती.

“आला का तू,” कल्याण म्हणाला. “आदी ते उचल.”

“कुठंय?”

“घमेल्याखाली. पॅन्ट झटकाया गेलो तर ते भुईवर पडलं. आईच्या पायापाशी.” त्याने घमेल्याकडे बोट दाखवलं. “भरलेलं हाय का ते?”

“आहे.”

“आयला,” असं म्हणून कल्याण खाली बसला.

केशरबाई म्हणाली, “मी म्हनलं विंचू झाकत्यात तसं झाक. गार पडल्यावर बघू. अमृता, बस की बाळा. वल्ल्या अंगानं आलास.”

अमृतला अजून कळत नव्हतं की भ्यायचं कुणी. त्याने तळी उतरवली, घमेलं उचललं. रिव्हॉल्व्हर शेणाने सारवलेल्या भुईवर पडलं होतं आणि वाटत होतं त्यापेक्षा लहान होतं.

“माज्यासाठीच घेतल्तंस ना?” कल्याणने विचारलं.

परवान्याच्या चौकशीला आलेल्या फौजदारालाही अमृतने मनमाड रस्त्याचंच सांगितलं होतं. सरावाने ते तोंडाशी आलं. पण समोरचा माणूस उघडा होता, चकोट होता, आणि अगदी आपल्यासारखाच दिसत होता.

“हो,” तो म्हणाला.

कल्याणने मान हलवली. “ठाव हुतं. आठ वर्सं मी तुज्या दुकानाम्होरून गेलो न्हाई. बाजाराला जायचं तर शाळंमागून वळसा घालून. तू सदऱ्याखाली हात घातला की मी बोळात शिरायचो.”

“मी पाठ खाजवत असेन.”

“मला काय म्हाईत?”

मग कल्याण अमृतच्या डोक्याकडे बघत म्हणाला, “लईच लागल्तं रं. मला वाटलं, खरचटलं आसंल.”

“टाके होते.”

“दिसत्यात.”

माफीच्या इतक्या जवळ आलेलं हे वाक्य तिथेच थांबलं. ते पुढे न्यायची दोघांनाही सवय नव्हती.

“तुझी पिशवी,” अमृतने पिवळी पिशवी ओट्यावर ठेवली. “आत तेल आहे. दादांचं.”

“दादांचं न्हाई. माजं.” कल्याण एकदम उठला. “मी... जनावरांना बघतो.” आणि तो गोठ्याकडे गेला. गोठ्यातली गाय त्याने दोन वर्षांपूर्वीच विकली होती, हे चुलती शेजाऱ्याकडून मागवायची ती पेंड बंद झाली तेव्हा अमृतला कळलं होतं.

त्याने चुलतीकडे पाहिलं.

“पिंडापाशी ठिवाया नेलं हुतं त्यानं,” केशरबाई म्हणाली. “म्हनला, तू म्होरंच उभा, मग न्हाई ठिवलं. दुपारचा जायचा की तो भाऊजींकडं. तू दुकानात गेला की मागल्या दारानं. त्यानला उचलून मोरीत न्यायचा, अंघूळ घालायचा, गुडघं चोळायचा. सहा म्हैनं झालं आसत्याल. रुपालीला म्हाईत हाय. तुला सांगू नको म्हनून शपथ घातली हुती तिला भाऊजींनी.”

“मी उचलत होतो की. सकाळ-संध्याकाळ.”

“व्हय रं बाळा. तू बी करायचास,” ती घाईने म्हणाली. मग पदराने गुडघे झाकत जरा हळू बोलली, “पन भाऊजी म्हनायचे, केशर, कल्याणनं उचललं की बरं वाटतं. ह्याच्या कमरंला टोचत न्हाई.”

अमृतला आठवलं. दादांच्या पाठीखाली हात घालून त्यांना पोटाशी धरलं की ते कण्हत. ‘काय टोचतंय रे अमृता?’ ‘काही नाही दादा. पट्टा आहे.’ पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं होतं. तो जवळ आला की ते आपणच अंग आखडून घेत, आणि दुखणं वाढलं म्हणून अमृत गोळ्या बदलून आणत असे. कल्याणसमोर ते कमरेवरून उतरवावं, असं त्याच्या कधी मनात येणंच शक्य नव्हतं. पण दादांसमोर उतरवावं, असंही आलं नव्हतं.

“च्या ठिवते,” चुलती भिंत धरून उठू लागली.

“नको, काकू. सुतकात आहे मी.”

“आन् आमी कशात हाय मग?” ती म्हणाली.

तरी त्याने चहा घेतला नाही. आपली पिशवी उचलली, ओल्या धोतरावरून सदरा चढवला आणि सवयीने ते जागच्या जागी खोचलं. गोठ्याच्या दारात कल्याण उभा होता. अमृत अंगणातून बाहेर पडेपर्यंत तो तसाच तोंड इकडे करून उभा राहिला. अमृतही अर्धा वळून, तिरका तिरका चालत गेला. सवय आठ वर्षांची होती.

चार घरांची वाट. आज पहिल्यांदाच मध्ये पॅन्टचं जाड कापड नव्हतं, चामड्याचा पट्टा नव्हता. मूठ उघड्या कातडीला लागत होती. त्याने ते डावीकडे सरकवलं, मग मागे, मग पुन्हा उजवीकडे. घाटावरून आवाज येत होता. तिसरे पुढारी सांगत होते, की असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.

रुपाली मागल्या दाराने लवकर परतली होती. दादांची खाट तिने उभी करून भिंतीला लावली होती. तिने त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं आणि काय कळलं ते तिला कळलं. तिने तांब्या आणला, पाट मांडला.

“बसा की हो. सकाळपासून उभे आहात.”

अमृत पाटाजवळ आला. वाकला. पुन्हा सरळ झाला.

“टोचतंय,” तो म्हणाला, आणि भिंतीला लावलेल्या खाटेकडे तोंड करून उभा राहिला.