पॉइंटवरचा डाग

जयेशला समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलता येत नाही. हा त्याच्या बापाचा गुण नव्हे. बाप खोटं बोलायचा तेसुद्धा माझ्या डोळ्यांत बघून, आणि वर स्वतःच हसायचा. हा शुक्रवारी सकाळी आला, फडक्यात गुंडाळलेली मशीन टेबलावर ठेवली आणि फ्रीजकडे बघत म्हणाला, "आई, परत बिघडली. बघून ठेव ना."

"काय झालंय तिला?"

तो फ्रीजला काहीतरी म्हणाला.

"त्या फ्रीजला कान हाईत का रं? मना सांग."

"आवाज फाटतोय गं, आवाज," तो ओरडला आणि बूट घालून निघून गेला. माझी सून कल्पिता ओट्यापाशी उभी राहून बघत होती. मी तिच्याकडे बघितल्यावर तिने कोथिंबीर निवडायला घेतली.

जयेशचं मानपाडा रोडला टॅटूचं दुकान आहे. तो स्टुडिओ म्हणतो. मशीन म्हणजे काय, तर मुठीत मावेल एवढं लोखंड. दोन कॉइल, त्यांच्या डोक्यावर एक पट्टी, पट्टीला मागे एक आणि पुढे एक अशा दोन पत्त्या. पुढच्या पत्तीवर वरून एक स्क्रू टेकतो, तो पॉइंट. करंट आला की कॉइल पट्टीला खाली ओढते, पत्ती पॉइंटपासून सुटते, करंट तुटतो, मागची पत्ती सगळं पुन्हा वर उचलते. मिनिटाला हजारो वेळा. पट्टीला सुई जोडलेली असते, ती कातडीत जाते आणि येते. जयेश पत्तीला स्प्रिंग म्हणतो, पॉइंटला काँटॅक्ट स्क्रू म्हणतो. म्हणू दे. शाळेची घंटाही अशीच वाजते, आणि शाळेच्या घंटा मी बावीस वर्षं लावल्या आहेत.

मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. पण माझ्या हातच्या घंटेवर किती शाळा भरल्या नि सुटल्या, देव जाणे. आमची भाताची खाचरं कारखान्यांसाठी गेली तेव्हा सासऱ्यांनी बदल्यात एक नोकरी भांडून घेतली. मुलगा आळशी म्हणून ती सुनेला, म्हणजे मला दिली. घंटा कंपनी. कुठे कामाला होतीस विचारलं आणि मी सांगितलं की रिक्षावाले अजून हसतात. हसा. कंपनीत एखादी घंटा कोणाला ऐकली नाही, की फोरमन ती माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. "मंजुळा, कान लाव." मी पॉइंट अर्धा आटा खाली घ्यायचे, पत्तीला बोटाने जरा वाक द्यायचे, की घंटा गायला लागायची. जी तरीही नीट वाजली नाही तिच्यावर लाल खडूची फुली. भिडेखातर मी एकही पास केली नाही. एकदा खुद्द मालकाने सांगितलं, तरी नाही.

कंपनी बंद पडली. पुढे काही वर्षांनी जयेशने पहिली टॅटूची मशीन आणली. ती खरखरत होती, तो शिव्या देत होता. मी हातातली भाजी खाली ठेवली आणि म्हटलं, दे इकडे. बारीक रेघ काढायची मशीन असेल तर पट्टी दाबून पॉइंटखाली लग्नपत्रिकेच्या जाड कार्डाएवढी फट ठेवायची. रंग भरायची असेल तर जुन्या चार आण्याच्या नाण्याच्या जाडीएवढी. पुढचं सगळं कानाने. रेघेच्या मशीनचा आवाज पातळ लागतो, गांधीलमाशीसारखा. रंगाच्या मशीनचा जाड, भुंग्यासारखा. तेव्हा ठाण्याहून पोरं आपापल्या मशीन लावून घ्यायला यायची, मुकुल नावाचा एक तर दाढी कमरेपर्यंत वाढवलेला. माझ्यासमोर मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "आजी, तुमच्या हाताची मशीन चावत नाही." मी म्हणायचे, आधी दाढी कापून ये.

वर्षभरात त्यांतलं कोणी आलं नाही. जयेश म्हणाला, सगळे बिझी झाले.

तर शुक्रवारी मी फडकं सोडलं, चष्मा लावला. पॉइंट दोन आटे वर गेलेला. मी बसवलेला पॉइंट हलू नये म्हणून त्याच्यावर कल्पिताच्या लाल नेलपॉलिशचा एक थेंब टाकते, कंपनीत टाकायचो तसा. तो तडकलेला. पॉइंट काढून उन्हात धरला. टोक लख्ख.

मी पुन्हा बघितलं. लख्खच.

मशीन चालली की पत्ती सुटताना दर वेळी बारीक ठिणगी पडते. आठवडाभरात पॉइंटचं टोक काजळ धरल्यासारखं होतं. मागच्या शुक्रवारी मी सवयीने ते पॉलिश पेपरवर घासलं होतं, आणि आज तिथे डाग नाही. म्हणजे मशीन एक मिनिटही चालली नाही. न चालता तिचा आवाज फाटला कसा? आणि हादरा बसल्याशिवाय स्क्रू दोन आटे फिरला कसा?

मग त्याच्या आधीचा शुक्रवार आठवला. त्याच्याही आधीचा. तेव्हाही टोक लख्ख होतं, आणि मी माझ्याच हाताचं कौतुक करत बसले होते.

मशीन पिशवीत टाकली आणि कल्पिताला न सांगता रिक्षा केली.

दुकानात जयेश नव्हता. त्याच्या हाताखालची श्रिया एका मुलीच्या खांद्यावर रेघ ओढत होती. हातात जाड पेनासारखं काहीतरी. मी शेजारी जाऊन उभी राहिले, मला काही ऐकू येईना.

"हे वाजत नाय का गं?"

"वाजतं ना आजी, थोडंसं," ती मोठ्याने म्हणाली. "आत मोटर आहे. आता सगळं यावरच करतो."

"आणि कॉइलच्या मशीन?"

"त्या? त्या खालच्या खणात. सर दर गुरुवारी एक काढतात, स्क्रू ढिला करतात. बोलतात, आईला द्यायचीय." तिला वाटलं हे मला ठाऊक आहे. पोरगी सरळ आहे.

"वापरत कोण नाय?"

"नाही. आंबिवलीच्या त्या ताईंचं मनगट चिरलं ना, तेव्हापासून." मग तिने माझं तोंड बघितलं आणि हातातलं पेन थांबवलं. "सर बोलले नाहीत तुम्हाला?"

"कोणी लावलेली ती मशीन?"

ती खांद्यावरचा रंग पुसत राहिली. "खूप फास्ट चालत होती, आजी. सर बोलले, आईला आता बारीक आवाज..." तिने स्वतःच्या कानाला हात लावला.

बारीक आवाज. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात म्हणून मी कुकर बदलायला लावला होता. पुटपुटतेस म्हणून कल्पिताला चार बायकांत बोलले होते. तिने एका शब्दाने उलटून सांगितलं नव्हतं. सगळ्या घराने मिळून मला ऐकू येतंय असं ठरवलं होतं.

जयेश चहा घेऊन आला. मला बघून दारातच थांबला. मी पॉइंट त्याच्या तळहातावर ठेवला.

"डाग कुठंय रं याच्यावर?"

त्याने तो उलटासुलटा केला. मग जमिनीकडे बघत, पण मोठ्याने म्हणाला, "कंपनी बंद झाली तेव्हा तू चार महिने भिंतीकडे तोंड करून बसलेलीस. जेवायची नाहीस. मी बारा वर्षांचा होतो, आई. मला परत ते बघायचं नव्हतं."

"आणि त्या बाईचा हात?"

"बरा झाला. मी जाऊन माफी मागून आलेलो. माझी चूक बोललो."

"माझी चूक पण तूच घेतलीस."

"तुला कशाला त्रास..."

खुर्चीवरची मुलगी खांदा उघडा टाकून ऐकत होती. ऐकू दे. मी श्रियाकडे लाल पेन मागितलं. कातडीवर नक्षी आखायचं असतं ना, तसलं तिने दिलं. पिशवीतून मशीन काढून टेबलावर ठेवली आणि तिच्या लोखंडी अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली. रेघ सरळ आली. हाताला काही झालेलं नाही.

जयेश भिंतीवरच्या चित्रांकडे बघत होता.

"माझ्याकडं बघ," मी म्हटलं.

त्याने बघितलं. डोळे बापाचेच आहेत.

"फुली अशी मारतात. वरीसभर तुझ्या हातनं झाली नाय. वाजत नसलेली घंटा तू पास करत बसलास, ती पण आई हाय म्हणून. पोरगा चांगला हायस, नाय कोण म्हणतं. पन माझ्या टेबलावर असतास तर त्याच दिवशी तुला घरी पाठवला असता."