नेमका तोच अंक

सूर्यभानचं डोकं पार चक्रावलं होतं. पंचाहत्तर साली नगरच्या कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता तो पीएच.डी.च्या मागे लागला होता, आणि प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण एका जुन्या साप्ताहिकाच्या एका अंकावर येऊन अडलं होतं. १९२१ साली पाथर्डीजवळ दुष्काळी कामावर पटकीनं अकरा माणसं दगावली, पण सरकारदप्तरी त्याची नोंदच नाही. साप्ताहिकाच्या एका अंकात मात्र छापलं होतं, ‘मृतांची नावे गेल्या अंकी दिलीच आहेत.’ ती नावं मिळाली नाहीत तर प्रकरण गाळा, असं मार्गदर्शकांनी बजावलं होतं.

आणि तो ‘गेला अंक’च कुठं सापडेना! वाचनालयाच्या गठ्ठ्यात आधीचा होता, नंतरचा होता. गठ्ठा पाथर्डीकडच्या एका वर्गणीदाराच्या घरून आलेला, म्हणून स्वारी एसटीनं तिकडं निघाली. दोन गावांत जुन्या वर्गणीदारांची दोन घरं धुंडाळली. दोन्हीकडं अंक सुतळीनं बांधून, तारीखवार लावलेले, आणि दोन्हीकडं तेवढाच एक नाही. याला योगायोग तरी कसं म्हणायचं? इंग्रजांनी घरोघर फिरून अंक जप्त केला असणार, असा तर्क त्यानं लढवला आणि स्वतःवरच खूश झाला. पण मग जप्तीचा हुकूम कुठाय? त्याचाही मागमूस नव्हता. विचार करावा तितका गुंता वाढत होता.

तिसरं घर एका दिवंगत शाळामास्तरांचं. त्यांच्या पत्नी रंगुबाई, सत्तरीला टेकलेल्या. त्यांनी स्वतः पेटीतून गठ्ठा काढून दिला. त्यातही तो अंक नव्हता.

“आजी, मधला अंक सरकारनं नेला का हो?”

“सरकार कशाला नेतंय? म्या फाडला.”

सूर्यभाननं सुतळीची गाठ सोडून मान वर केली.

“मयताची नावं हुती त्यात. माझी थोरली बहीनबी हुती. मास्तरांनी वाचून दावला आन् म्या लगीच फाडला. मयताचं पत्र कुनी घरात ठेवतं व्हय, बाबा? समद्यांनीच फाडला आसंल. ज्याचं त्याचं मानूस हुतं त्यात.”

इतकी साधी गोष्ट! गेल्याच वर्षी आत्या गेल्याचं पोस्टकार्ड त्यानंही वाचल्या वाचल्या फाडून टाकलं होतं. एवढा शिकलेला गडी, पण हे काही सुचलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

“नावं आठवतात का आजी?”

“न आठवायला काय झालं?”

त्यांनी गावासकट अकराच्या अकरा नावं सांगितली. सूर्यभाननं ती कागदावर उतरवली. मग त्यांनीच वाचून दाखवायला लावली. थोरल्या बहिणीच्या, बनुबाईच्या नावाला त्यांनी पदर डोळ्यांना लावला. वाचन संपलं तसा त्यांनी हात पुढं केला.

“दे. फाडते.”

“आजी, ही नावं पुस्तकात छापायची आहेत,” कागद छातीशी धरत तो म्हणाला. “कॉलेजात, वाचनालयात, सगळीकडं जाईल ते पुस्तक.”

रंगुबाईंचा हात तसाच राहिला. चेहरा कावराबावरा झाला.

“आन् मग,” त्यांनी विचारलं, “येवढी पुस्तकं फाडायची कुनी?”