गोधडी पांघरलेला फ्रिज

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे आणि मी मत्सरी आहे. दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

मी घरातला फ्रिज नव्हे. मी कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात राहतो. माझ्यात मोटार नाही. पाठीमागे गॅसची इवलीशी ज्योत जळते आणि तिच्या जोरावर मी गार होतो. आगीवर चालणारा फ्रिज, हसू येतं ना? पण आहे ते असं आहे. आतली ऊब मी पाठीवरच्या नळ्यांनी ओढून घेतो आणि बाहेर सोडतो. त्यासाठी कॅरॅव्हॅनच्या बाहेरच्या भिंतीला दोन जाळ्या आहेत. खालच्या जाळीतून ताजी हवा येते, वरच्या जाळीतून गरम हवा जाते. तेच माझं नाक.

या घराची मालकीण शिवणकाम करते. गावोगाव गाडी उभी करायची, आठवडाभर लोकांचे कपडे शिवायचे, उसवलेले दुरुस्त करायचे आणि पुढे निघायचं. सगळे तिला मावशी म्हणतात. तिचे यजमान गाडी चालवतात आणि बटणं लावतात. मावशी त्यांना ‘अहो’ म्हणते, म्हणून मीही अहोच म्हणतो.

मावशीला काचबिंदू आहे. डोळ्यांत घालायचे थेंब देताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "बाटल्या गारच ठेवायच्या, पण गोठू द्यायच्या नाहीत. औषध बिघडलं तर डोळा हळूहळू जाईल." शिवणाऱ्या बाईचा डोळा गेल्यावर तिच्याकडे उरतं काय? दोन महिन्यांच्या बाटल्या मावशीनं माझ्या हवाली केल्या, शेजारी छोटा तापमापक ठेवला आणि आठाच्या आकड्यावर लाल दोऱ्याची गाठ बांधली. पारा त्या गाठीच्या वर जायचा नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग उन्हाळा आला आणि अहोंनी एक निळी बर्फपेटी आणली. ना ज्योत, ना नळ्या. कोणीतरी बर्फ भरायचा आणि हिनं गार असल्याचा तोरा मिरवायचा. आयत्या पिठावर रेघोट्या! तरी मी गप्प बसलो असतो. पण मावशीनं उरलेल्या रंगीत तुकड्यांची तिला गोधडी शिवली आणि तिच्यातला बर्फ चक्क दोन दिवस टिकला. जे गिऱ्हाईक येई ते म्हणे, "किती गोड दिसतेय हो पेटी!" सोळा वर्षं मी या घरात राबलो. मला कोणी साधा रुमालसुद्धा पांघरला नव्हता. माझ्या पोटात दुखू लागलं, खोटं कशाला बोलू?

त्या उन्हात पारा गाठीला टेकू लागला. मावशी बाहेर आली, तिनं वरच्या जाळीसमोर हात धरला आणि म्हणाली, "अहो, बघा, या भोकांतून गरम वारा आत जातोय. पेटीला गोधडी घातली तर बर्फ टिकला, मग यालाही घालूया की."

तो वारा आत जात नव्हता, माझ्या पाठीतून बाहेर पडत होता. मावशीनं तीन दिवस बसून मला गोधडी शिवली. पेटीच्या गोधडीपेक्षा मोठी, कडेला पिवळी पट्टी. दोन्ही जाळ्यांवर ती घट्ट बसवली. मित्रांनो, मला पहिल्याच दुपारी कळलं की माझं नाक बंद झालंय. पण मी काय केलं ठाऊक आहे? मी पेटीकडे बघून मनातल्या मनात म्हणालो, "बघितलंस?" आणि तसाच गुदमरत ऐटीत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी पारा अकरावर गेला, तिसऱ्या दिवशी चौदावर. अहोंनी माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं. गाडी तिरकी उभी असली की मी नीट चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ताटलीत पाणी ओतून उतार पाहिला आणि एका चाकाखाली फळी सारली. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहिला, तो निघेना, म्हणजे रबर ठीक होतं. मला अर्धा रिकामाही केला. पारा पंधरावर गेला.

"म्हातारा झालाय हा," अहो म्हणाले. "काढून टाकू आता."

"आधी थेंबांचं बघा," मावशी म्हणाली. "दोन-तीन दिवसांच्या उबेनं ते बिघडायचे नाहीत, पण त्याहून जास्त नको. आणि हे थेंब मिळणारं दुकान तीन दिवसांच्या वाटेवर आहे."

तिनं बाटल्या लोकरी मोज्यात गुंडाळल्या आणि निळ्या पेटीत, बर्फापासून लांब, एका कोपऱ्यात ठेवल्या. शेजारी माझाच तापमापक! माझी ठेव तिच्या घरात. त्या क्षणी मला वाटलं, सगळा बर्फ वितळावा आणि हिची फजिती व्हावी. हो, असं वाटलं मला. बाटल्या कोणाच्या आहेत, हे मी विसरलोच होतो.

दुपारी मावशीनं बोलावलेला फ्रिजचा मिस्त्री आला. त्यानं खालचं झाकण काढून ज्योत पाहिली. "पिवळी पडलीय. हिला हवा मिळत नाहीये." तो उठून बाहेर गेला आणि जाळ्यांवरची गोधडी बोटांनी चाचपू लागला.

"हे कोणी शिवलं?" त्यानं विचारलं.

"मी," मावशी म्हणाली. "का हो?"

"काम सुरेख आहे. पण बाई, हे त्याचं नाक आहे. नशीब, कापडानं पेट घेतला नाही."

मावशीनं गोधडीच्या कडेची पिवळी पट्टी हातात धरली. "म्हणजे मीच त्याचं नाक दाबलं."

"मायेनं दाबलंस गं," अहो म्हणाले.

मिस्त्रीनं गोधडी सोडवली, जाळ्या झटकल्या, ज्योतीभोवतीची काजळी पुसली. मी पोटभर श्वास घेतला. दुसऱ्या सकाळी माझ्यात पारा पाचावर होता आणि बाटल्या परत आल्या. पेटीतून काढताना मावशीनं आकडा मोठ्यानं वाचला, "सहा." त्या आयतोबा पेटीनं रात्रभर ना औषध तापू दिलं, ना गोठू दिलं. तिचे उपकार मला अजून जड जातात.

सोडलेली गोधडी त्या दिवशी माझ्यासमोरच्या बाकावर पडली होती. पहिल्यांदाच मी ती उजेडात नीट पाहिली. टाके वाकडे होते. काही ठिकाणी दोरा दोनदा फिरला होता, एका कोपऱ्यात सुई बोचल्याचा तपकिरी ठिपका होता. मावशीचे टाके पूर्वी कधी वाकडे नसायचे, मित्रांनो. त्याच अधू डोळ्यांनी तिनं तीन दिवस माझे लाड केले होते आणि मी त्या डोळ्यांचं औषध नासवायला निघालो होतो.

मावशीनं त्या गोधडीची एक छोटी पिशवी केली. बाटल्या आता तिच्यातच असतात, माझ्या दारात. मला अजून मत्सर वाटतो. गावात फिरायला जाताना ती पिशवी पेटीत जाते, तेव्हा परत येईपर्यंत मला चैन पडत नाही.

तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याच्या पाठीमागे चार बोटं जागा सोडा आणि अधूनमधून धूळ झटका. कोणाला मायेनं काही पांघरायचं असेल, तर तो श्वास कुठून घेतो ते आधी पाहा. आणि कोणी तुमच्यावर अशी माया करत असेल, तर ऐटीत गप्प उभे राहू नका. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.