स्नॅपरच्या परसातला चेंडू

मित्रांनो, मी जुना झालो आहे. माझी निम्मी हवा गेली आहे आणि माझ्या कातड्याला बुरशीचा वास येतो. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नाक मुरडायचे असेल तर आत्ताच मुरडून घ्या. चेंडू म्हटले की तुम्हाला काहीतरी गोल आठवत असेल. मी गोल नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळातला मी, दोन्ही टोकांना निमुळता, पोटावर पांढरी नाडी आवळलेला. हा खेळ बहुतेक हातांनीच खेळतात आणि तरी त्याला फुटबॉल म्हणतात. लोक मला लाडाने 'डुकराचं कातडं' अशी हाक मारतात. मी बैलाच्या कातड्याचा आहे. इतकी वर्षे ही हाक ऐकली, पण तो लाड मला एकदाही गोड लागला नाही.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. तिथे चेंडू आधी उलटा शिवतात, आतली बाजू बाहेर ठेवून. मग त्याला वाफ देऊन मऊ करतात आणि एक दांडगा माणूस दांड्यावर रेटून रेटून त्याला सुलटा करतो. जन्मल्या जन्मल्या कुणी तुमची आतडी बाहेर आणि कातडी आत करून परत फिरवली, तर तुम्हाला काय वाटेल? जगाविषयीचे माझे मत तिथेच बिघडले.

तिथून मी मोठ्या सरोवराच्या काठी, एरी गावात आलो. हिवाळ्यात इथे दारातले बर्फ उपसता उपसता माणसांच्या कमरा जातात, आणि तरी रविवार आला की सगळे मैदानावर हजर. मलाही मैदानाचीच स्वप्ने होती. दिवे, गर्दी, दूरदर्शन! पण संघाच्या पोत्यातून लायल ग्रॅबोस्कीने मला उचलले आणि सरावासाठी घरी नेले. माझ्या नशिबी त्याचे परस आले.

लायल हा आडदांड माणूस संघाचा स्नॅपर होता. त्याचे काम एकच. खाली वाकायचे आणि चेंडू दोन पायांच्या मधून मागे फेकायचा. मागे एक गडी गुडघा टेकून बसलेला असतो. तो चेंडू झेलून जमिनीवर उभा धरतो, आणि किकर धावत येऊन त्याला लाथ घालतो. चेंडू समोरच्या दोन खांबांमधून गेला की संघाला तीन गुण मिळतात. सामना संपत आलेला असताना कित्येकदा सगळा निकाल या एका लाथेवर येऊन ठेपतो.

आता घटकाभर माझ्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुमच्यावर एक घामट तोंड ओणवे झालेले आहे. त्या तोंडात तंबाखूची गुळणी आहे. ती कधी गवतावर पडते, कधी तुमच्यावर. हाताला कोंबडीच्या तिखट तंगड्यांचा ओशटपणा. पकड बसावी म्हणून बोटांवर थुंकायचे आणि ती थुंकी तुम्हाला पुसायची. मग एका भल्यामोठ्या ढुंगणाखालून तुमची रवानगी! शी! लोक याला कला म्हणतात.

खोटे बोलणार नाही, कला होतीच. लायल मला फेकी तेव्हा मी हवेत असा फिरे की झेलणाऱ्याच्या हातात पोचताना माझी नाडी बरोबर समोरच्या खांबांकडे तोंड करून असे. नाडी किकरच्या पायाकडे आली की लाथ नेमकी बसत नाही. झेलणाऱ्याला मला फिरवत बसायला वेळ नसतो. लायलच्या हातून सुटलेला चेंडू फिरवावा लागत नसे. हे कौतुक मला करावेच लागते, आणि मनाविरुद्ध करतो आहे.

रोज संध्याकाळी त्याची बायको डोरीन परसात गुडघा टेकून बसे आणि मला झेले. ती दाताच्या दवाखान्यात काम करी. दिवसभर लोकांची तोंडे पाहून आलेली, त्यामुळे तिला कशाची किळस येत नसे. लायलचे रडगाणे मात्र तिला रोज ऐकावे लागे.

"चौदा वर्षं झाली, डोरीन. या गावात किकरच्या नावाने सँडविच मिळतं. आणि मी? काल दुकानात एक जण म्हणाला, 'तुम्ही नळ दुरुस्तीवाले ना?'"

"मग? करून टाकायचा होतास नळ दुरुस्त."

"स्नॅपरचं नाव लोकांना कधी कळतं माहितीये? त्यानं घाण केली की."

"मग बरंय ना, कुणाला माहीत नाही ते. फेक आता, माझे गुडघे गारठले."

मित्रांनो, स्नॅपर चेंडू फेकतो तेव्हा त्याची मान खाली असते आणि समोरून बैलासारखे गडी त्याच्यावर चालून येतात. चौदा वर्षे लायलची मान असेच धक्के खात आली होती. एका शरद ऋतूत माझ्या लक्षात आले की मी हवेत डगमगतो आहे. त्याच्या उजव्या हाताचे पहिले बोट माझ्यावर ठेवलेले असे, पण त्यात जीव नसे. ते बोट कुठे आहे हे त्यालाच कळत नव्हते. मग त्याने एक युक्ती काढली. फेकण्याच्या अगदी आधी ते बोट माझ्या शिवणीवर दोनदा आपटायचे, म्हणजे जागा सापडते. टक टक, आणि मी सुटलो. नाडी पुन्हा बरोबर यायला लागली.

"हे टकटक काय नवीन काढलंस?" डोरीनने विचारले.

"सवय."

"तुझं बोट बधिर झालंय. सकाळी शर्टाची बटणं लागत नव्हती, मी बघितलं. डॉक्टरला दाखव."

"संघाचा डॉक्टर म्हणजे कोचचा कान. आज दाखवलं की उद्या माझ्या जागी दुसरा वाकलेला दिसेल."

"आणि ती टकटक कुणाच्या नजरेत आली तर?"

लायल मोठ्याने हसला. "अगं, माझ्याकडे बघतंय कोण?"

पाहणारे होते. हंगामातला शेवटचा सामना परगावी होता. जिंकणारा पुढे जाणार, हरणारा घरी बसणार. डोरीन मला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली होती. तिची तशी रीतच होती. संघ दोन गुणांनी मागे होता आणि वेळ संपत आली होती. किकर सायलस टटल मैदानात आला. हा केंटकीच्या डोंगराळ भागातला तरणाबांड पोरगा, त्या वर्षीच संघात आलेला. लाथ फारशी लांबची नव्हती. अशा लाथा तो झोपेतही मारी.

लायल वाकला. पडद्यावर त्याच्या समोरचा गडी दिसत होता. तो सायलसकडे पाहत नव्हता, झेलणाऱ्याकडे पाहत नव्हता. त्याची नजर लायलच्या बोटावर खिळली होती. बोट दोनदा आपटले की चेंडू सुटतो, हे त्याने हेरले होते. दुसरी टक पडताच त्या गड्याने झेप घेतली. चेंडू सायलसच्या पायावरून उठतो न उठतो तोच त्याचा पंजा आडवा आला. धप्प आवाज झाला आणि सामना संपला.

"किक खाली राहिली!" पडद्यावरचा समालोचक ओरडला. "पोरगा दबावाखाली ढेपाळला!"

डोरीनची नखे माझ्या कातड्यात रुतली. तिने बोट पाहिले होते. त्या क्षणी हे ठाऊक असलेली घरात आम्ही दोघेच होतो.

लायल परत आला. बोटाचे त्याने कुणालाही सांगितले नाही. गावातल्या दारूच्या गुत्त्यांत, न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर सायलसला शिव्या पडत होत्या. कुणीतरी त्याच्या गाडीवर अंडी फोडली. मंगळवारी संघाने त्याला काढून टाकले. लायल रोज बातम्या पाही आणि आवाज बारीक करी. मित्रांनो, थुंकी मी सहन केली, तंबाखू सहन केला. पण तो बारीक केलेला आवाज मला त्या सगळ्यापेक्षा घाण वाटला.

बुधवारी सायलस स्वतः दारात उभा राहिला. गाडीत सामान भरलेले होते, निरोप घ्यायला आला होता. डोरीनने त्याला बसवले, बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, लोण्यात परतून वाढल्या. पोरगा उपाशी असल्यासारखा जेवला. मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर होतो, सगळे ऐकत होतो.

जेवून झाल्यावर तो लायलला म्हणाला, "म्हाताऱ्या, एक बोलायचं होतं. तू चेंडू लोण्यासारखा दिला होतास रे. मी घाण केली. इतकी वर्षं तू कधी चुकला नाहीस आणि तुझा हंगाम माझ्यापायी गेला. मला माफ कर."

डोरीन ताट विसळत होती. तिने नळ बंद केला.

लायलने मान खाली घातली. मला वाटले, आता बोलेल. त्याने पोराच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "असू दे. होतं असं कधी कधी."

थू! माझ्यात हवेशिवाय काही नाही, नाहीतर मी तिथल्या तिथे ओकलो असतो. अपराध्याने निरपराध्याला माफ केले होते, वर पाठीवर थापही मारली होती!

सायलस गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोरीन परसात आली आणि आपल्या जागेवर गुडघा टेकून बसली. लायल वाकला. टक टक केले आणि मला फेकले. डोरीनने हात वर केलेच नाहीत. मी तिच्या खांद्यावर आदळलो आणि चिखलात जाऊन पडलो.

"लागलं का?" लायल धावत आला.

"लागलं. आजपासून मी झेलणार नाही."

"डोरीन, अगं ऐक..."

"तुझं खोटं मी झेललं, तुझं बोट लपवलं, तोंडातून ब्र काढला नाही. माझीही चूकच आहे ती. पण काल ते पोर माझ्या टेबलावर बसून तुझी माफी मागत होतं, आणि तू दिलीस, लायल! दिलीस तू!"

लायलने मला उचलले, चिखलासकट काखेत मारले आणि तो गॅरेजात गेला. तिथे उलट्या बादलीवर बसला. मग त्याने कोच हॅस्केटला फोन लावला. बोटांनी फोन धरवेना म्हणून तो बाकावर ठेवून त्याचा आवाज मोठा केला. त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"कोच, ती किक माझ्यामुळे अडली. माझं बोट..."

"टकटक ना? माहितीये," कोच म्हणाला. "सोमवारीच चित्रफितीत पाहिलं मी."

लायल बादलीवरून उठला. "मग त्या पोराला का काढलंत?"

"लोकांना कुणीतरी हवा होता. किकर काय, पोत्यानं मिळतात. चेंडू सरळ देणारा मिळत नाही. तू त्या बोटाचा इलाज कर, टकटक बंद कर आणि गप्प बस. चौदा वर्षं तुझं नाव कुणाला कळलं नाही, आता कशाला उगीच गाजवतोस?"

फोन बंद झाला. मित्रांनो, लायलला आता गप्प राहायची रीतसर परवानगी मिळाली होती. नोकरी शाबूत, नाव शाबूत. त्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला, आणि लगेच त्या भावाचीच त्याला शिसारी आली. ती मी स्पष्ट पाहिली. तोंड वाकडे करून त्याने बाजूला थुंकले. त्या एका थुंकीबद्दल मी त्याला कधी दोष दिला नाही.

डोरीन दारात येऊन उभी राहिली होती. "काय म्हणाला?"

"गप्प बस म्हणाला."

"मग?"

लायलने सायलसला फोन लावला. अडखळत त्याने सगळे सांगितले. बोट, टकटक, तो समोरचा गडी, सगळे. पलीकडून गाडीची घरघर ऐकू येत होती.

"मी तुझ्या घरी जेवलो रे," सायलस म्हणाला.

"हो."

"माफी मागितली मी तुझी."

"हो, सायलस. शिव्या घाल मला. हव्या तेवढ्या घाल."

"तुला शिव्या घालून काय करू? माझी आई त्या दिवसापासून दुकानात जात नाही. लोक तोंडावर बोलतात. मी सांगून ती ऐकेल का? म्हणेल, पोरगा सारवासारव करतोय. तू सांग तिला. नंबर घे."

लायलच्या बोटांत पेन्सिल राहीना. डोरीनने नंबर लिहून घेतला आणि तिनेच तो फिरवला. घंटी वाजत राहिली. लायलच्या कपाळावरून घाम गळत होता आणि बाहेर बर्फ भुरभुरत होते. शेवटी एका बाईने फोन उचलला.

"मिसेस टटल? मी लायल ग्रॅबोस्की बोलतोय. एरीहून."

"कोण लायल?"

लायलने डोळे मिटले. "मॅडम, मी तुमच्या मुलाच्या संघातला स्नॅपर. किक मारण्याआधी चेंडू मागे देणारा. ती किक सायलसची चूक नव्हती. माझी होती."

पलीकडे काही हलले, ओढले गेले.

"थांबा," ती बाई म्हणाली. "मी खुर्ची घेते. आता पहिल्यापासून सांगा."

आणि लायलने पहिल्यापासून सांगितले. त्यानंतर त्याने ते वर्तमानपत्रवाल्यांनाही सांगितले. गावाला अखेर त्याचे नाव कळले, आणि ते लोकांनी कसे उच्चारले हे मी इथे लिहीत नाही. त्याच्या मानेची शस्त्रक्रिया झाली, बोटात जीव काही परतला नाही आणि खेळ सुटला. सायलसला दुसऱ्या कुठल्या संघाने घेतल्याचे मी ऐकले नाही. खरे बोलल्याने सगळे जागेवर येते, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

मी आता गॅरेजात एका कोपऱ्यात पडून आहे. खरे तर मला तुम्हाला सांगायचे होते की चेंडू वापरून झाला की कोरडा पुसा, हवा भरा, ओलीत टाकू नका. तेवढे जमले तर कराच. पण मित्रांनो, तुमच्या चुकीचा आळ दुसऱ्या कुणावर आला असेल, तर तो माफी मागायला तुमच्या दारात येईपर्यंत थांबू नका. त्याच्या आधी तुम्ही त्याच्या दारात जा.