‘सुरू’ची नळी

कागद छातीशी धरून ती प्रयोगशाळेचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली आणि दार न वाजवताच मॅडमच्या खोलीत शिरली.

“मॅडम, चूक माझी नव्हतीच! नळीतच खोट होती.”

आठ महिने तिचे जिवाणू हिरवे चमकायला हवे होते, आणि आठ महिने पहिले पाढे पंचावन्न. बशीत नुसते पांढरे ठिपके. काम तसं जोडणीचंच. डीएनएचे तयार तुकडे फ्रीझरमधल्या डब्यात असत. एक जनुकाला ‘सुरू हो’ सांगणारा, एक ‘थांब’ सांगणारा. मधे आपलं जनुक बसवायचं. ‘सुरू’च्या नळीवर खुद्द मॅडमचं अक्षर होतं, मग हातच्या कांकणाला आरसा कशाला? शेवटी महिनाअखेरीस नोकरी जाणार असं कानावर आलं, तेव्हा तिने गुपचूप तो तुकडा तपासायला पाठवला. तोही ‘थांब’चाच निघाला.

मॅडमनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला.

“मला ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“मीच भरलीये ती. नव्या माणसाला तीच देते. जो पहिल्या आठवड्यात तपासतो, त्याला ठेवून घेते. तू आठ महिने लावलेस.”

तिला अजून बस असं कोणी म्हणालं नव्हतं. रोज संध्याकाळी मॅडम विचारायच्या, ‘आज काय?’ ती शरमेने मान खाली घालायची आणि त्या पाठीवर हात ठेवायच्या. त्या हातासाठी ती जीव टाकत होती.

“बाबा शेवटचे दिवस मोजत होते,” ती म्हणाली. “दादाचे सारखे फोन येत होते. तुम्ही म्हणालात, आत्ता बशा सोडून गेलीस तर सगळं पाण्यात जाईल. म्हणून मी गेले नाही.”

“हो, लक्षात आहे.” मॅडमनी कागद घडी घालून खणात टाकला. “मला वाटलं, तेव्हा तरी तुला शंका येईल.”

मॅडमनी खण लावून घेतला.

“उद्यापासून येऊ नकोस. आणि नळी जागेवर ठेव. सोमवारी नवीन मुलगी येतेय.”

नळी तिच्या एप्रनच्या खिशात होती. फ्रीझरपाशी टेबलावर पेन पडलेलं होतं. नळीवरच्या ‘सुरू’वर एक काट मारायला कितीसा वेळ लागतो? तिने पेनाकडे पाहिलं. मग नळी खाचेत बसवली, अक्षर नीट समोर येईल अशी.

‘बघ आता तूही,’ तिच्या मनात आलं, आणि कित्येक दिवसांनी तिला जरा बरं वाटलं.