बंबावरचं नाव

भूकंपाचा हादरा बसला तसं पाचोऱ्यातल्या आमच्या शेजारच्या चुडामणनानांनी न्हाणीतला बंब भिंतीला बांधायचं फर्मान काढलं. त्यांच्या मुलाने, कुंदनने, लोखंडी पट्टी बंबाच्या पोटावर आवळली, तर नानाच पेटले. लग्नात सासऱ्यांनी दिलेल्या त्या तांब्याच्या बंबावर कोरलेलं नानांचं नाव पट्टीखाली झाकलं गेलं होतं. पट्टी बंबाच्या पायांशी सरकवावी लागली.

“नाना, आता ही काय धरणार?” मी विचारलं.

“नाव तर दिसतं.”

पुढच्या हादऱ्यात पेटता बंब आडवा झाला आणि नानांच्या बायकोचा, भिकुबाईंचा, पाय भाजला. गल्ली जमली. नाना येईल त्याला दाखवत होते, “बघा, नावाला ओरखडा नाही.”

पायाला ओलं फडकं गुंडाळत भिकुबाई नानांकडे बोट करून अहिराणीत म्हणाल्या, “बंब मना बापना, नाव यासनं. भाजना तेवढा पाय मना.”